गोठ्यात पाय टाकवत नाही तेव्हा

माझं मन ठिकाणावर नाही, हे मला पहिल्यांदा कळलं ते आमच्या हरणी गाईमुळे. तिचा माज लागोपाठ दोनदा माझ्या नजरेतून सुटला. गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे भरवायला तयार होते, हंबरते, शेजारणीच्या अंगावर चढू पाहते, बळस (चिकट स्राव) टाकते. बावीस वर्षं मी गोठ्यात आहे. मध्यरात्री नुसतं हंबरणं ऐकून कोणती गाय आहे ते मी अंथरुणातून सांगायचे. २०२३ च्या हिवाळ्यात मात्र हरणी समोर उभी राहून सांगत होती आणि मी शेणाची पाटी उचलून तिच्या शेजारून निघून जात होते.

आमचं गाव संगमनेर तालुक्यातल्या पठार भागात. पाऊस बेताचा, उन्हाळ्यात टँकर, आणि घर चालतं ते दुधावर. २०२२ च्या ऑक्टोबरात लम्पीच्या साथीनं दुसऱ्या वेताची चंद्री गाय आणि एक कालवड नेली. पुढच्या वर्षी जुलैत सरकारनं गाईच्या दुधाला ३४ रुपये दर ठरवून दिला तेव्हा जरा उभारी आली, पण दिवाळीनंतर आमच्या हातात लिटरमागे २७ पडायला लागले. पेंडीच्या पोत्याचा भाव होता तिथंच राहिला. त्या दोन वर्षांत मी आणि आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, दोघंही आपापल्या तऱ्हेनं खचलो. त्यात ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्या लिहिते आहे. ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत त्यांच्यासाठीच लिहिते, कारण "चार दिवस कुठंतरी जाऊन या" हा सल्ला आपल्या कामाचा नसतो. धार चुकवता येत नाही.

आधी गोठा बघा

मन खचलंय हे माणूस कबूल करत नाही, पण गोठ्यात ते दिसतं. कास धुवायची राहते. पहिल्या दोन धारा वेगळ्या भांड्यात काढून दुधात गाठी आहेत का ते बघायचं राहतं. सड औषधात बुडवायचे राहतात. मग दगडी होते, म्हणजे कास सुजून कडक होते. त्या हिवाळ्यात माझ्या तीन गाईंना महिन्याभरात दगडी झाली. डॉक्टर म्हणाले, गोठा ओला आहे. गोठा दरवर्षीच ओला असायचा. त्या वर्षी हात फिरत नव्हता. डेअरीची पावती फॅट न वाचताच डब्यात जायची. गोचीड दिसायचे आणि औषध मारायचं काम उद्यावर जायचं.

आणि एक दिवस मी गौरीला फोकानं मारलं. तिनं बादलीला पाय लावला एवढंच झालं होतं. पाच लिटर दूध सांडलं आणि मी तिच्या पाठीवर चार फटके ओढले. नंतर दोन दिवस मी जवळ गेले की ती अंग चोरायची आणि पान्हा सोडायची नाही. जनावर घाबरलं की पान्हा आवरतं हे मला माहीत होतं. तरी हात उठला. तुमचाही असा हात उठायला लागला असेल, तर स्वभाव बिघडला म्हणून स्वतःला शिव्या देत बसू नका. मदत घ्यायची वेळ आली आहे असं समजा.

मी केलं ते सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री तीन खुणा करायला लागले: कास धुतली, माज बघायला सकाळी आणि निजायच्या आधी वीस-वीस मिनिटं गोठ्यात थांबले, पावती वाचली. पहिल्या आठवड्यात २१ पैकी नऊच खुणा झाल्या. त्या नऊ बघून मला माझी अवस्था जितकी कळली तितकी रडून कळली नव्हती. तुमच्या खुणा निम्म्याहून कमी झाल्या तर पुढचं सगळं वाचा. बऱ्याच झाल्या असतील तर बहुतेक तुम्ही थकलेले आहात, आणि तुम्हाला आधी झोप हवी आहे.

अंग दुखतं ते मनामुळेच असं धरून चालू नका

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण यात माझे पाच महिने गेले.

२०२३ च्या पावसाळ्यात आमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. वार (गर्भाभोवतीचं आवरण) आत अडकली होती. मी उघड्या हातानं ती काढली, वासरू उचललं, हात साबणानं धुतले आणि स्वयंपाकाला लागले. आपल्याकडच्या सगळ्याच बायका असं करतात. महिना-दीड महिन्यानं मला संध्याकाळी कणकण यायला लागली. रात्री घामानं पदर भिजायचा, सकाळी ताप नाही. कंबर आणि गुडघे धरलेले, जेवणावर वासना नाही, कशातच मन नाही. घरचे म्हणाले, चंद्री गेल्याचं मनाला लावून घेतलंय. मलाही ते पटलं. मन उदास होतंच, त्यामुळे ताप वेगळा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

फेब्रुवारीत तालुक्याच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत का? एवढ्यात कोणती गाभडली होती का?" रक्त तपासलं तर ब्रुसेला निघाला. गाईंमधला सांसर्गिक गर्भपात म्हणतात तोच हा आजार. गाभडलेल्या गाईच्या वारेतून, स्रावातून आणि कच्च्या दुधातून तो माणसाला होतो. सहा आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या घेतल्या, एकही दिवस न चुकवता. चौथ्या आठवड्यात मी एकदा सकाळी उठून चूल पेटवली आणि लक्षात आलं की कंबर दुखत नाही. त्या दिवशी मन अर्धं हलकं झालं होतं, आणि दुधाचा दर मात्र तोच होता.

म्हणून आधी तपासून घ्या. डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही जनावरं पाळतो. ते शहरातले असतील तर त्यांच्या डोक्यात ते येईलच असं नाही. ताप, सांधेदुखी, रात्रीचा घाम असेल तर ब्रुसेलाची तपासणी मागा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ हेही बघून घ्या. बायकांमध्ये रक्त कमी असतं आणि त्याला आपण आळस म्हणतो. गाभडलेल्या गाईला हात लावताना कोपरापर्यंतचे मोजे घाला, वार आणि मेलेलं वासरू कुत्र्यांच्या तोंडी न देता चुना टाकून खोल पुरा, दूध उकळूनच प्या. आणि कालवड ४ ते ८ महिन्यांची असताना तिला ब्रुसेलाची लस टोचून घ्या. आयुष्यात एकदाच लागते.

जनावर दगावतं त्या दिवशी

चंद्री नऊ दिवस बसून होती. अंगावर गाठी, पुढचे पाय सुजलेले, गाठी फुटून जखमा. आम्ही कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायचो, हळद लावायचो, पेज पाजायचो, डॉक्टर सुया द्यायचे. दहाव्या दिवशी पहाटे गेली. शेजारचे एक बाबा आले आणि म्हणाले, जनावरच होतं, माणसं सुखरूप आहेत ना. ते चांगल्या मनानं बोलले होते. पण ज्या कालवडीला तुम्ही बाटलीनं दूध पाजून वाढवलं, तिचं पहिलं वेत काढलं, तिच्यावर सोसायटीचे साठ हजार काढले, ती गेली की घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं आणि त्याच क्षणी कर्ज आठवतं. दुःख आणि हिशेब एकाच वेळी येतात म्हणून माणूस सुन्न होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवा. जनावर आजारी असतानाच १९६२ या नंबरवर फोन करा. पशुसंवर्धनाची फिरती गाडी त्याच नंबरवर मिळते. दगावलं तर ओढून नेण्याआधी कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो आणि पूर्ण जनावराचा फोटो काढा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा, पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. लम्पीच्या साथीत सरकारनं दुभत्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत दिली होती, तीही कागद पूर्ण असणाऱ्यांनाच. मग चुना टाकून खोल खड्ड्यात पुरा.

ही धावपळ ज्याचं जनावर गेलं त्यानं करू नये. आमच्याकडे भाच्यानं केली. त्याच्याकडे फोन आणि कागदांची पिशवी दिली आणि मी गव्हाणीच्या कडेला बसून राहिले. संध्याकाळची धार जावेनं काढली. तुमच्या घरात हे कोण करेल ते आजच ठरवा, त्याला बिल्ल्यांचे नंबर आणि विम्याचे कागद कुठं आहेत ते दाखवून ठेवा.

आणखी एक. रिकामी दावण बघवत नाही म्हणून घाईनं दुसरी गाय आणू नका. त्या महिन्यात जनावरांचे बाजार बंद होते म्हणून आम्ही वाचलो. नाहीतर मालक उसनवारी करून लगेच गाय आणणार होते. आता मी दीड महिन्याचा नियम पाळते. तोवर त्या जागी वासरू बांधायचं.

आकडा कागदावर उतरवा

मला रात्री दोनला जाग यायची आणि "आपण बुडालो" एवढंच डोक्यात फिरायचं. किती बुडालो, ते माहीत नव्हतं. मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर एकदा तिला बसवून लिहायला लावलं, तेव्हा पहिल्यांदा त्या भीतीला आकडा मिळाला.

एका गाईचा एका दिवसाचा हिशेब करा. आमचा तेव्हाचा असा होता. १२ लिटरची गाय, २८ रुपये दर, म्हणजे ३३६ रुपये. तिला गोळी पेंड साडेपाच किलो, ३२ रुपयांनी १७६. मुरघास १५ किलो, ५ रुपयांनी ७५. कडबा चार किलो, ३२. औषध आणि खनिज मिश्रण धरून १५. एकूण २९८. उरले ३८ रुपये, आणि त्यात आमच्या दोघांची मजुरी धरलेलीच नाही. आता सहा लिटरवर आलेली गाय बघा. १६८ रुपये येतात. पेंड साडेतीन किलोवर आणली तरी खर्च २३४. रोज ६६ रुपये अंगावर. आमच्याकडे अशा तीन होत्या. महिन्याला सहा हजारांच्या जवळ आम्ही त्यांना घालत होतो आणि पेंडीवाल्याची उधारी का वाढते ते कळत नव्हतं.

नऊच्या सहा गाई केल्या. सांगायला सोपं आहे, करताना जीव जातो. दोन गाई गाभण असताना विकल्या, त्यांना गिऱ्हाईक मिळालं. तिसरी उलटत होती, म्हणजे भरवली तरी गाभण राहत नव्हती. भाकड गाय कुणी घेत नाही आणि गोऱ्ह्यांचं काय करायचं हा प्रश्न २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर आणखी कठीण झाला आहे. ती आम्ही बहिणीकडे दिली, तिथं चारा आहे. ज्यांना अशी बहीण नाही त्यांचं दुखणं मला माहीत आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच सांगू शकते की गाय उलटू लागली की दुसऱ्या वेळेलाच डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या, पाचव्या वेळेची वाट बघू नका.

मग देण्यांची यादी: सोसायटी, डेअरीची उचल, पेंडीचं दुकान, भावाकडून घेतलेले. प्रत्येकापुढे रक्कम आणि व्याज. माझा अनुभव असा की ज्याचं देणं आहे त्याच्याकडे आपण आधी गेलं तर आवाज वेगळा निघतो. पेंडीवाल्याकडे मी स्वतः गेले, दर दहा दिवसांच्या पेमेंटमधून एक हजार कापायचं ठरवलं. त्याच्या दुकानावरून जाताना वाटणारी धास्ती त्या दिवशी संपली. गाई-म्हशींसाठीही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, आणि वेळेवर फेडलं तर दोन लाखांपर्यंत ४ टक्क्यांनी पडतं. दुकानाच्या उधारीपेक्षा ते कितीतरी बरं. बिल्ला प्रत्येक जनावराला मारून घ्या आणि नोंद ऑनलाइन झाली का ते बघा. जानेवारी २०२४ पासून लिटरला पाच रुपये अनुदान आलं तेव्हा आमच्या दोन गाईंची नोंद नव्हती, त्यांचे पैसे गेले.

एक धार दुसऱ्याच्या हाती

आठवड्यातून एक धार माझी नसते. गुरुवारची संध्याकाळची. ती जाऊ काढते आणि तिची रविवारची मी काढते. आमच्या दोघींचं चार वर्षं बोलणं नव्हतं, बांधावरून. मी तिच्याकडे गेले तेव्हा बांधाचा विषय काढला नाही. "मला आठवड्यातून एक संध्याकाळ सुटका हवी आहे, तुलाही हवी असेल" एवढंच म्हणाले. तीही रात्रीची जागत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

यासाठी एक फळा लागतो. कोणत्या गाईला किती पेंड, कोणती लाथ मारते, कुणाचं कोणतं सड जड आहे, कोण औषधावर आहे आणि तिचं दूध डेअरीत घालायचं नाही. हे सगळं आपल्या डोक्यात असतं म्हणून आपल्याशिवाय गोठा चालत नाही असं वाटतं. लिहून ठेवलं की चालतो. धारेची वेळही थोडी पुढं ढकलता येते. गाईला दोन धारांमधलं अंतर सारखं लागतं. आम्ही पहाटे साडेचारची धार साडेपाचला आणि संध्याकाळचीही तासानं पुढं केली, पंधरा दिवसांत सरावल्या. शिवाय गोठ्याच्या मागं दोन गुंठ्यांना जाळी मारून गाई मोकळ्या सोडल्या. शेण काढायचे आणि गाईला पाण्यावर न्यायचे मिळून दिवसाचे दीड-दोन तास वाचले. ते तास मी झोपेला दिले. दुसऱ्या कामाला देऊ नका.

घरातलं माणूस गप्प झालं तर

मी रडायचे, ओरडायचे, त्यामुळे माझं कळलं. मालकांचं कळलं नाही. ते फक्त गप्प झाले. डेअरीवर जाणं बंद केलं, कारण तिथं दराची चर्चा असते. ताटावरून अर्ध्यात उठायचे. मार्चमध्ये एकदा त्यांनी मला बँकेचे कागद कुठं आहेत ते दोनदा समजावून सांगितलं, आणि माझ्या पोटात गोळा आला.

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी धारेच्या वेळी, तोंड गाईकडे असतानाच, सरळ विचारलं: "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" असं विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल, ही भीती खोटी आहे. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "येतं कधी कधी." मी ओरडले नाही, पोरांची शपथ घातली नाही. "मला सांगितलंत ते बरं केलंत. आज आपण दवाखान्यात जाऊ" म्हणाले आणि हातातली धार पुरी केली, कारण हात थरथरत होते आणि त्यांना काहीतरी काम हवं होतं.

त्या दिवशी मी केलेल्या गोष्टी सांगते, त्याच क्रमानं. तणनाशक, गोचिडाचं औषध, फवारणीच्या बाटल्या घरातून काढून भाच्याच्या खोलीत कुलपात ठेवल्या; किल्ली त्याच्याकडे. १४४१६ ला फोन केला. हा टेली मानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. मग थोरल्या दिरांना घेऊन आम्ही तिघं जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं की फरक पडायला दोन-चार आठवडे लागतील आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. संध्याकाळी थोडी घ्यायची सवय होती ती बंद करायला सांगितली. पहिले पंधरा दिवस त्यांना एकटं सोडलं नाही. भाचा वैरण काढायला मुद्दाम त्यांच्याबरोबर जायचा.

"काळजी करू नका", "सगळ्यांचंच असं आहे" हे आम्ही दोघांनी एकमेकांना सांगून बघितलं होतं. त्यानं तोंड बंद होतं. त्यापेक्षा "आज कोणतं काम जड जातंय?" असं विचारा. मालक म्हणाले, डेअरीवर जाणं. मग दोन महिने डेअरीला मी दूध घातलं.

कुणाला हे आत्ताच, आजच्या रात्री लागू होत असेल, तर वहीचा हिशेब आणि गाईंची संख्या राहू द्या. १४४१६ लावा आणि शेजारच्याला उठवा.

मालक आता डेअरीवर जातात. गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर कमी करत आणताहेत. हरणी नंतर गाभण राहिली आणि मागच्या वसुबारसेला आम्ही तिला वासरासह ओवाळलं. त्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी संध्याकाळची धार जावेनं काढली आणि फळ्यावर खडूनं लिहून गेली: हरणी, मागचं डावं सड जड, हळू काढणे. गौरीच्या उजवीकडून जाऊ नये. पेंड संपत आली.